मामांच्या टाटा ४०७ ट्रकला इलेक्ट्रिक फॅन : कामाच्या नोंदी

९ मार्च २०२५

दुपारी मामांनी गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या शेडसमोर आणून लावली. तक्रार दोन गोष्टींची: पुढून खडखड येते आणि वॉटर पंपाखाली पाणी ठिपकतं. बॉनेट उघडून पंखा हाताने हलवला, तर पुलीसकट हलला. पंपाचं बेअरिंग गेलेलं. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. पंख्याच्या एका पात्याच्या मुळाशी केसाएवढी चीर आहे. वयच झालंय त्याचं. ते पातं वाकून फिरत होतं, तोल गेलेला होता आणि त्याचा सगळा मार पंपाच्या शाफ्टने खाल्ला. अजून चार फेऱ्या झाल्या असत्या, तर पातं सुटून रेडिएटरच्या जाळीत घुसलं असतं.

मामा म्हणाले, "नवा पंप टाक, नवा पंखा टाक आणि सोड गाडी. आंबा सुरू व्हायलाय."

पंप टाकणारच. पण पंख्याबद्दल माझ्या मनात दोन वर्षं एक गोष्ट आहे, ती आज बोललो: पट्ट्यावरच्या पंख्याऐवजी विजेवर चालणारा पंखा लावायचा. पट्ट्यावरचा पंखा इंजिनाच्या वेगाने फिरतो, इंजिनाच्या गरजेने नाही. हायवेवर समोरून भरपूर वारा मिळत असतो, तेव्हा तो जोरात घोंगावतो. वजनकाट्यावर किंवा रस्त्याच्या कामापाशी गाडी रांगेत उभी असते आणि वाऱ्याची खरी गरज असते, तेव्हा तो आळसावतो. शिवाय पंखा फिरवायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. १००० वरून २८०० आरपीएमला गेला की साधारण २२ पट. एवढी ताकद डिझेल जाळूनच येते.

मामांनी ऐकून घेतलं. "वायर तुटली तर काय करायचं घाटात?" हा त्यांचा एकच प्रश्न. तो प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. शेवटी ठरलं असं: महिनाभर प्रयत्न करायचा आणि आंबा घाटात भरलेली गाडी तापली, तर जुनी पद्धत परत.

११ मार्च

नवा वॉटर पंप, नवा पट्टा, नवा थर्मोस्टॅट (८२ अंशांचा). पट्ट्यावरचा पंखाही नवाच आणून लावला. इलेक्ट्रिक बसवायचा तर हा खर्च कशाला, असं मामांना वाटलं. मला दोन कारणांसाठी तो हवा होता. एक, जुन्या पद्धतीने गाडी नीट चालताना किती तापते हे मोजल्याशिवाय नंतरच्या आकड्यांना अर्थ नाही. दुसरं, हाच पंखा पुढे सीटमागे राहील, चार बोल्ट आणि १३चा पाना यांच्यासकट. मामांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर ते आहे.

रेडिएटर काढून बाहेरून धुतला. जाळीत उसाच्या पाचटाचा इतका भुसा बसला होता की उजेडाकडे धरल्यावर खालची चार बोटं जाळी आरपार दिसतच नव्हती. पाणी नेहमी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं, उलट मारलं की भुसा आणखी आत ठासतो.

१५ मार्च

मोजमापाची फेरी. जाताना भाजीपाला, येताना रत्नागिरीहून दोन टनांच्या आसपास माल. वरच्या होज पाइपच्या तोंडाशी तापमापकाची तार बांधून मीटर डॅशबोर्डवर ठेवला. मी शेजारी वही घेऊन.

घाटाच्या पायथ्याशी साखरप्याला बाहेर ३७ अंश. आंबा घाट चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पाणी ९६ पर्यंत गेलं आणि तिथे थांबलं. घाटमाथ्यावर आंब्याला आल्यावर दहा मिनिटांत ८५. मलकापूरच्या पुढे रस्त्याच्या कामापाशी अर्धा तास रांगेत, इंजिन चालू: हळूहळू ९४. चढाच्या बरोबरीने गाडी उभ्या जागी तापते, हे आकड्यात पहिल्यांदा दिसलं. मामाही बघत होते मीटरकडे, काही बोलले नाहीत.

९६ म्हटल्यावर कुणीही घाबरेल, म्हणून लिहून ठेवतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, इथे उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. पण रेडिएटरची टोपी दाब धरते. आमच्या टोपीवर ०.९ (बार) लिहिलंय, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जास्त दाब, आत साधं पाणी असलं तरी ते ११८ च्या आसपास उकळेल. टोपीचं रबर गेलं की ही सगळी सवलत संपली. टोपी नवी घेतली.

१६ मार्च

रात्री बसून हिशोब. डिझेल इंजिनात जळणाऱ्या तेलाची ढोबळ तीन वाटण्या होतात: एक चाकाला, एक सायलेन्सरमधून बाहेर, आणि तिसरी, जराशी लहान, पाण्यात. चढावर इंजिन ४० किलोवॅट देत असेल, तर पाण्यात ३० किलोवॅट उष्णता धरायला हरकत नाही. जाळीतून जाताना हवा ३० अंशांनी तापली असं मानलं, तर सेकंदाला एक किलो हवा लागते. म्हणजे जवळपास एक घनमीटर, दर सेकंदाला. जाळी ६० सेंटिमीटर रुंद आणि ४८ उंच. त्या सगळ्या जाळीतून सेकंदाला साडेतीन मीटर वेगाने हवा वाहिली पाहिजे.

"सगळ्या जाळीतून" या दोन शब्दांखाली रेघ मारायला हवी होती. तेव्हा मारली नाही.

१९ मार्च

जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून एका कारचा १४ इंची पंखा, १८०० रुपये. मोटर बॅटरीला लावून पाहिली, आवाज स्वच्छ, क्लॅम्प मीटरवर १९ अँपिअर. सुरू होताना क्षणभर ४५ च्या वर उडी. म्हणून फ्यूज ३० चा आणि रिले (लहान विजेच्या इशाऱ्यावर मोठी वीज जोडणारा स्विच) ४० चा.

२२ मार्च

पट्ट्यावरचा पंखा काढला. पंप आणि पट्टा अर्थातच तसाच, पुलीवरचा फक्त पंखा निघतो. इथे एक बारीक गोष्ट आहे, ती चुकली तर दोन हजारांचा पंप जातो. पंख्याच्या बुडाची जाडी गेली की तेच चार बोल्ट आता लांब पडतात आणि मागे पंपाच्या अंगाला टेकतात. हाताने पुली फिरवताना खर्रर्र आवाज आला म्हणून कळलं. १० मिलिमीटर आखूड बोल्ट, स्प्रिंग वायसरसह.

तापमानाच्या स्विचसाठी वरच्या होज पाइपमध्ये मधे बसणारी नळी हवी होती. शेजारच्या लेथवाल्या वस्तादांनी अ‍ॅल्युमिनियमच्या रॉडमधून अर्ध्या तासात करून दिली, मधोमध स्विचची २२ मिलिमीटरची चुडी. स्विच ९२ ला चालू, ८७ ला बंद. खालच्या पाइपमध्ये बसवा असं एकाने सुचवलं होतं. पण तिथे थंड होऊन परतणारं पाणी असतं. ते ९२ ला पोचेपर्यंत इंजिनात काय झालेलं असेल! वरच्याच पाइपमध्ये बसवला.

संध्याकाळी गाडी उभी करून चालू ठेवली. ९०, ९२, ९५, ९७. पंखा ढिम्म. डॅशबोर्डवर हाताने चालू करायचा वेगळा स्विच दिलाय, तो दाबला तर पंखा लगेच फिरला. म्हणजे मोटर, रिले, फ्यूज ठीक. स्विच खराब समजून उकळत्या पाण्याच्या भांड्यात टाकून मीटर लावला, तर तोही ठीक.

२३ मार्च

सकाळी चहा घेताना उलगडलं. स्विच एका टोकाचा आहे, दुसरं टोक म्हणजे त्याचं अंगच. अंगातून अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट, मिळायला हवा. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बसवला असता तर आपोआप मिळाला असता. आमची नळी मात्र दोन्ही बाजूंनी रबरी पाइपात लटकतेय, तिला अर्थ येणार कुठून? नळीवर एक लहान स्क्रू बसवून तिथून वायर थेट इंजिनाला जोडली. ९२ ला टक् आवाज, पंखा सुरू. साडेतीन मिनिटांत ८७, बंद. शेडमधली पोरं जमली होती बघायला. मामांनी बॉनेटवर हात ठेवून फक्त "आवाज न्हाई की रं काय" एवढं म्हटलं, पण त्यांचा चेहरा मी पाहिला.

२६ मार्च

जोतिबाचा डोंगर. केर्लीवरून वळून रिकामी गाडी वर नेली: ९३, पंखा अधूनमधून. खाली येऊन शेडमधलं एक टन भंगार भरलं आणि परत चढलो. अर्ध्या वाटेवर ९९, पुढच्या वळणावर १०१, पंखा अखंड चालू आणि काटा अजून चढता. कडेला घेतली. इंजिन बंद केलं नाही, न्यूट्रलला जरा जास्त रेसवर ठेवलं, म्हणजे पंप पाणी फिरवत राहतो. तापलेलं इंजिन एकदम बंद केलं की हेडमधलं पाणी जागीच उकळतं. टोपीला कुणाला हात लावू दिला नाही. सात मिनिटांनी ९० झालं.

दोन टन नव्हे, एक टन. आंबा घाट नव्हे, जोतिबा. मामांनी परतीच्या वाटेवर पंख्याचा विषय काढला नाही, उसाच्या बिलाबद्दल बोलत राहिले. त्यांचा हा चांगुलपणा मला जास्त लागला.

२७ मार्च

काय चुकलं ते मोजलं. दोन चुका सापडल्या, दोन्ही माझ्या.

पहिली, वीज. अल्टरनेटरवर (इंजिनावर फिरून वीज बनवतो तो) १४.१ व्होल्ट, पंख्याच्या टोकांवर ११.६. अडीच व्होल्ट वाटेत गेले. एकेका सांध्यावर मीटर ठेवून चोर शोधला: अडीच स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटर जाडीच्या) पाच मीटर वायरीत ०.७, फ्यूज आणि रिलेच्या बेसमध्ये ०.६, आणि गंजलेल्या चासीवर मारलेल्या अर्थमध्ये १.२. सर्वांत मोठा चोर अर्थच. व्होल्टेज जितकं कमी तितका मोटरचा वेग कमी, म्हणजे हवेला जवळजवळ १८ टक्क्यांची कात्री.

दुसरी चूक मोठी. १४ इंची पंख्याचं वर्तुळ जाळीच्या एक तृतीयांश भागावरच येतं. पंखा मी जाळीला पट्ट्यांनी चिकटवून बसवला होता. समोर कागदाचे तुकडे धरून पाहिलं: मधे टपकन चिकटतात, कोपऱ्यात धरले की खाली पडतात. दोन तृतीयांश जाळी नुसती शोभेला. सगळ्या जाळीतून हवा ओढायची तर मागे पूर्ण पेटी हवी, म्हणजे काउल, आणि पंखा जाळीपासून चार-पाच सेंटिमीटर मागे.

३० मार्च

पाडवा. गाडीला हार, बॉनेटला हळद-कुंकू. पट्ट्यावरचा पंखा परत लावून गाडी मामांच्या ताब्यात दिली, आंबा थांबत नाही. काउलचं काम गाडी नसतानाही होईल, मापं घेतलीत.

३ एप्रिल

१८ गेज पत्र्याचा काउल. मागच्या बाजूला दोन गोल भोकं, प्रत्येकात १२ इंची पंखा (जोडी ३४०० रुपयांना). पत्रा वाकवून, वेल्ड करून ९०० रुपये.

काम करताना एक गोष्ट लक्षात आली आणि फार आवडली. पट्ट्यावरचा पंखा इंजिनाला धरलेला, इंजिन माउंटिंगवर डोलतं. काउल मात्र रेडिएटरला धरलेला. म्हणून त्या पंख्याभोवती दोन-तीन सेंटिमीटर फट सोडावीच लागते, आणि ओढलेली हवा त्या फटीतून उलटी फिरून परत येते. आमचे पंखे काउललाच बसलेत, दोघं एकत्र हलतात, फट पाच मिलिमीटरची पुरते. लहान मोटर मोठ्या पंख्याची बरोबरी करू शकेल ती याच जोरावर.

जाळी आणि काउल यांच्या कडेला रबरी बीडिंग. कुठेही बोट जाणार नाही अशी.

६ एप्रिल

पेटीचा एक तोटा आहे. हायवेवर पंखे बंद असताना समोरून येणारा वारा दोन भोकांतूनच बाहेर पडायचा म्हटलं तर अडतो. म्हणून काउलच्या चार कोपऱ्यांत खिडक्या कापल्या आणि त्यांवर मागच्या बाजूने जुन्या ट्यूबच्या रबराची झडपं रिव्हेट केली, फक्त वरच्या कडेला. पंखा चालू असताना ओढीने झडप मिटते, गाडी पळताना वाऱ्याच्या दाबाने उघडते. फॅन लावून, मग ब्लोअरने समोरून हवा मारून दोन्ही तपासलं. ट्यूब फुकट, वेळ दीड तास, आणि सगळ्या कामात मला सर्वांत समाधान याच दीड तासाचं.

८ एप्रिल

वायरिंग पुन्हा पहिल्यापासून. सहा स्क्वेअरची तांब्याची वायर, टोकांना थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून वर सोल्डर, अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. प्रत्येक पंख्याला स्वतंत्र रिले, स्वतंत्र फ्यूज. एक मेला तरी दुसरा चालतो. स्विचही आता दोन: पहिला पंखा ८८ ला, दुसरा ९३ ला. रिलेच्या ८६ नंबरच्या टोकाला चावीनंतरची वीज, ८५ स्विचमधून अर्थला, ३० ला फ्यूजमधून बॅटरी, ८७ वरून पंखा. १०२ अंशांना वाजणारा बझर वेगळ्या सेन्सरवर. हाताने चालू करायचा स्विच दोन्ही पंख्यांना. आता वायर तुटलीच, तर मामांना काटा वर जायच्या आधी कळेल आणि अर्धी हवा तरी हातात असेल.

पंख्यांच्या टोकांवर आता १३.५ व्होल्ट. दोन्ही मिळून २६ अँपिअर.

अल्टरनेटर ५५ अँपिअरचा. रात्री हेडलाइट आणि बाकीचे दिवे १२ च्या आसपास, पावसात वायपर ४-५, त्यात पंख्यांचे २६. पळत्या गाडीत भागतं. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन संथ चालू) अल्टरनेटर निम्मंच देतो, तिथे दोन्ही पंखे आणि हेडलाइट एकत्र नको. उभ्या गाडीत एकच पंखा पुरला पाहिजे, हे घाटाइतकंच तपासायचंय.

१२ एप्रिल

जोतिबाची चैत्र यात्रा. डोंगराच्या वाटेवर सासनकाठ्या आणि माणसं, तिकडे चाचणीचा विचारही नाही. गाडी आज मोकळी मिळाली म्हणून दिवसभरात काउल बसवला. दुसरा पंखा उलटा फिरत होता, दोन वायरी अदलाबदल झालेल्या. उलटा फिरला तरी वारा लागतोच, म्हणून नुसत्या हाताला फसायला होतं. कागद जाळीला समोरून चिकटला पाहिजे, हीच खरी खूण. आता चारही कोपऱ्यांत चिकटतो.

१५ एप्रिल

आंबा घाट. हापूसच्या पेट्या, वजन मागच्या वेळेइतकंच, साखरप्याला ३८ अंश. सीटमागे पट्ट्याचा पंखा, पाना, वीस लिटर पाणी.

चढ लागला तेव्हा ८६. पहिला पंखा ८८ ला, दुसरा ९३ ला, दोन्ही वेळा स्विचचा लहान दिवा लागला. ९४. ९५. एका वळणावर समोरून बस, आम्हाला पूर्ण थांबावं लागलं, पुन्हा पहिल्या गिअरपासून. ९७. मी आकडे मोठ्याने वाचायचे थांबलो होतो. मामाच विचारत होते, "किती?" ९७. "आता?" ९७. घाटमाथ्यापर्यंत तिथेच. वर आल्यावर मामांनी गाडी कडेला घेतली, दोन मिनिटं आयडलिंगला ठेवली आणि खाली उतरून समोर जाळीपुढे तळहात धरून उभे राहिले.

पट्ट्याचा पंखा ९६, आमचा ९७, बाहेर एक अंश जास्त. म्हणजे घाटात आम्ही काही जिंकलो नाही, बरोबरी केली. रस्त्याच्या कामापाशी रांगेत वीस मिनिटं: एकाच पंख्यावर ८८ आणि ८४ च्या मधे. मागे तिथे ९४ होतं. आणि केबिनमध्ये नेहमीच्या आवाजात बोलता येतं, हायवेवरसुद्धा.

४ मे

नऊ फेऱ्या झाल्या. बझर एकदाही वाजला नाही. एका फेरीत पहिल्या पंख्याचा फ्यूज होल्डर कोमट लागला, थिंबल सैल होतं, बदललं. डिझेलचा फरक किती, असं सगळे विचारतात. टाकी भरून ते टाकी भरून हिशोब ठेवतोय, पण माल, वाट आणि रांगा दर फेरीला वेगळ्या. त्यातून एक आकडा काढून सांगणं मला पटत नाही. सकाळी गाडी लवकर तापमानाला येते, एवढं नक्की दिसतं.

ज्यांना करायचंय त्यांना माझा आग्रह आहे: आधी काउल, मग वायर आणि अर्थ, पंखा सगळ्यात शेवटी घ्या. मोठ्या दहा चाकी, बारा चाकी गाड्यांसाठी मला विचारू नका. तिथे पाण्यात उतरणारी उष्णता कैक पटींनी जास्त असते, अशा दोन मोटरींचं ते काम नाही.

२६ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच. मामा २०१९ च्या पुराबद्दल बोलत होते, तेव्हा पाण्यात घातलेल्या एका गाडीचा पंखा पुढे वाकून जाळीत घुसलेला त्यांनी पाहिला होता. म्हणून डॅशबोर्डवर अजून एक स्विच दिला, दोन्ही पंखे पूर्ण बंद करायचा, वर लाल झाकण. बंद असताना शेजारी लाल दिवा पेटलेलाच राहतो, पाण्यातून बाहेर आल्यावर विसरायला नको. झाकणाच्या आतल्या बाजूला दोन जादा फ्यूज चिकटपट्टीने लावलेत.

संध्याकाळी गाडी धुताना मामांनी सीटमागचा पट्ट्याचा पंखा बाहेर काढला, पुसला, तेलाचा हात फिरवला आणि पुन्हा होता तिथेच ठेवला.